गॅप असेल तर या

एमएच्या प्रवेशासाठी विद्यापीठाच्या अटी साध्या होत्या. कुठल्याही विषयातली बीए, ठरलेले टक्के, ऑनलाइन नोंदणी, मूळ कागदपत्रं, आणि बीए होऊन मध्ये काही वर्षं गेली असतील तर नोटरीकडून करून आणलेलं गॅपचं प्रतिज्ञापत्र. एवढं जमलं की कुणीही यावं आणि प्रवेश घ्यावा. पण रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात तत्त्वज्ञान विभागात सर होते आणि सरांची आपली आणखी एक अट होती. ती कुठल्या माहितीपत्रकात छापलेली नव्हती, विद्यापीठाच्या तर गावीही नव्हती. ज्याच्या शिक्षणात गॅप नाही, त्याला सर परत पाठवायचे.

बाकी सगळीकडे गॅप म्हणजे डाग. प्रवेश विभागातल्या मॅडम माझे कागद बघताना चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या होत्या, "तीन वर्षं काय करत होतीस गो?" आवाज असा, की मी आत्ताच जामिनावर सुटून आले आहे. सरांचं उलट. यंदाच बीए झालेला, चांगले टक्के मिळवलेला, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला मुलगा मुलाखतीला समोर बसला की सरांचा चेहरा उतरायचा.

"तुम्ही थांबलाच नाहीत हो कुठे," ते म्हणायचे. सर सगळ्यांना अहो-जाहो करायचे, कॅन्टीनच्या मांजरालासुद्धा. "समजा, मी तुम्हाला आज घेतलं. तुम्ही काय शिकणार? एक वर्ष घरी राहा. काही करू नका. मग या."

मुलगा घरी जायचा आणि बीएडला नाव घालायचा. परत कोण येतंय? इतर विभागांचे प्राध्यापक जून उजाडला की मोटारसायकली काढून लांजा, पाली, संगमेश्वर करत गावोगाव विद्यार्थी शोधत फिरायचे, कुणाच्या ओटीवर चहा पीत मुलीच्या आजीला "एमए केलं की स्थळ चांगलं येतं" असं काहीबाही सांगायचे. आणि आमचे सर आपणहून दारात आलेल्यांना वाटेला लावायचे. स्टाफरूममध्ये त्यांना वेडे म्हणत. तोंडावर नाही, पण फार मागेही नाही.

विभाग म्हणजे काय, तर दुसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली. चार बाक, एक टेबल, एक खुर्ची आणि व्हरांड्यात उघडणारी एक खिडकी, जिच्यातून नारळाचे शेंडे आणि त्यापलीकडे समुद्राची एक रेघ दिसायची. शिक्षक एकच, सर. मी गेले त्या वर्षी विद्यार्थीही एकच झाला.

मी लांज्याच्या आतल्या एका गावातली. बाबा आणि भाऊ मुंबईला, घरात आई आणि मी. बीए झाल्यावर तीन वर्षं मी घरी होते. त्यात सगळं आलं: भाताची लावणी, आईचं गुडघेदुखीचं औषधपाणी, बघायला येऊन पोहे खाऊन गेलेली आणि पुढे काही न कळवलेली माणसं. मग एके दिवशी मी आईला न विचारताच एसटीत बसले. हातखंब्याला गाडी थांबली तेव्हा उतरून परत फिरावं असं मनात आलं होतं, पण खिडकीजवळची जागा मिळाली होती, ती सोडवेना.

सरांनी माझे टक्के पाहिलेच नाहीत. सरळ प्रतिज्ञापत्र उचललं आणि मोठ्याने वाचलं. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टचा ठरलेला मजकूर होता: सदर कालावधीत मी घरीच होते व अन्य कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नाही.

"हे तुम्ही लिहिलंत की टायपिस्टने?"

"टायपिस्टने."

"तुम्ही लिहिलं असतंत तर काय लिहिलं असतंत?"

मी तेव्हा फार फटकळ होते. आताही आहे म्हणतात. मी म्हटलं, "'घरीच होते' हेच लिहिलं असतं. पण तीनदा लिहिलं असतं. तीन वर्षं होती ती. त्याने एका ओळीत उरकली."

सरांनी प्रतिज्ञापत्र पुन्हा एकदा वाचलं, या वेळी मनातल्या मनात. मला वाटलं, झालं, गेला प्रवेश. मग त्यांनी पेन काढलं, सही केली, कागद नीट माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "तास अकराला असतो. एसटी उशिरा आली तर तसं सांगा, मी थांबेन."

अशी मी एमएला लागले.

एका विद्यार्थ्याचा वर्ग कसा चालतो हे कुणाला सांगून खरं वाटत नाही. सर वर्गात येत, मी उभी राहत असे, ते "बसा" म्हणत. हजेरी घेत. माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मी "हजर" म्हटल्याशिवाय मान वर करून बघत नसत. मग खिडकी उघडत आणि "समजा" म्हणत. सरांचं प्रत्येक वाक्य "समजा"ने सुरू व्हायचं. समजा, काळ नाही. समजा, मी म्हणजे मी नाही. एकदा ते "समजा, हे टेबल नाही" यावर तासभर बोलत होते आणि शिपाई गणूकाका फडकं घेऊन दारात उभे राहून ऐकत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"सर, टेबल नाय तर मी रोज पुसतो ता काय वो?"

"तोच प्रश्न आहे गणूकाका," सर इतक्या आनंदाने म्हणाले की काका घाबरून निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबल पुसलंच नाही. "म्हटलं, नसला तर कशाला?" असं त्यांनी मला जिन्यात सांगितलं.

एकदा मला ताप आला म्हणून मी दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले तर सर पुढच्या प्रकरणावर. मी म्हटलं, मधलं राहिलं. सर म्हणाले, "राहिलं नाही, ते परवा आणि काल झालं." म्हणजे ह्या माणसाने रिकाम्या बाकांसमोर हजेरी घेतली, माझी गैरहजेरी मांडली आणि अकरा ते बारा बोलून दाखवलं! मी वैतागून विचारलं, "मग ऐकलं कुणी?" सरांना प्रश्नच कळला नाही. "तास होता ना," ते म्हणाले. मला तेव्हा हसू आलं होतं. मैत्रिणींना रंगवून रंगवून सांगितलं होतं मी ते.

रविवार मात्र सरांना जात नसे. दर रविवारी दुपारी त्यांचा फोन यायचा.

"उद्या तास आहे, एवढंच सांगायला केला होता."

"हो सर."

"अकराला."

"हो सर."

मग थोडं थांबून, "काय जेवलात?"

"बांगडा."

"अरे वा. आमच्याकडे केळशीला..." आणि मग पुढे काहीच नाही. मी हॅलो हॅलो करायची तर ते असायचे तिकडे. श्वास ऐकू यायचा. मग "बरं, ठेवतो" म्हणायचे.

पहिल्या फोनला आईने विचारलं होतं, "कुनाचा गो फोन?"

"सरांचा."

"काय म्हंतत?"

"उद्या सोमवार हाय म्हणून."

"ता आपल्याला म्हाईत नाय व्हय?" आई म्हणाली. पण दोन-चार रविवार गेल्यावर भांडी घासता घासता तिने विचारलं, "त्यांच्या घरात कोन नाय काय गो?" मी म्हटलं, नाही. लग्न केलं नाही, माळनाक्याला खोली घेऊन राहतात, गाव केळशी, एक बहीण आहे ती सासरी. पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा तिने ओल्या हातानेच माझ्याकडून घेतला आणि म्हणाली, "सर, जेवलात काय?" मग ती दर रविवारी विचारू लागली. माझ्याशी सर सोमवारबद्दल बोलायचे, आईशी जेवणाबद्दल. मला वाटतं, आईशी ते जास्त बोलायचे.

गॅपचं हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं, ते मी दुसऱ्या वर्षी विचारलं. सर खिडकीकडे तोंड करून बोलले, त्यामुळे मला त्यांची पाठच दिसत होती. बीए झाल्यावर ते केळशीला परत गेले. वडील अंथरुणाला खिळलेले, बहीण सासरी. पुढची कितीतरी वर्षं वडिलांचं सगळं सरांनी केलं. सकाळी अंग पुसायचं, पेज भरवायची, संध्याकाळी पायरीवर बसायचं. बाग होती, माणसं येत-जात.

"सगळे म्हणायचे, पोरगा गुणी आहे. वडिलांना विचारायचे, आज कसं वाटतंय. मला कुणी काही विचारलं नाही. एक प्रश्न नाही. समजा, मी घरात नसतो तरी..." इथे त्यांनी वाक्य सोडून दिलं. "वडील गेले, मग मी एमएचा अर्ज घेऊन गेलो. तिथल्या क्लार्कने कागद बघितले आणि खेकसला माझ्यावर. एवढी वर्षं काय करत होतात? मला इतकं बरं वाटलं हो. कुणीतरी विचारलं."

बाहेर घंटा झाली. सर म्हणाले, "तास संपला," आणि पुस्तक घेऊन निघून गेले.

त्याच वर्षी वरून पत्र आलं. पदव्युत्तर विभागात पुढच्या जूनला निदान दहा प्रवेश झाले नाहीत, तर विभाग बंद. प्राचार्यांनी सरांना बोलावून समजावलं. सर नोकरीतून जाणार नव्हते, बीएच्या पहिल्या वर्षाला पर्यावरण की काय ते शिकवायला मिळणार होतं. पण ती खोली जाणार होती, अकराचा तास जाणार होता. सर तिथून आले आणि मला म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू कोण येतं." त्या दिवशी त्यांनी शिकवलं खरं, पण "समजा" एकदाही म्हणाले नाहीत.

त्या उन्हाळ्यात माझं एमए झालं. रत्नागिरीतच एमआयडीसीत एका काजूच्या कंपनीत ऑफिसात लागले आणि एक खोली भाड्याने घेतली. जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. कुणी येईना. एक मुलगा आला, दापोलीकडचा, हुशार, तयार. सर ह्या वर्षी तरी गप्प बसतील असं आम्हाला वाटलं होतं. सरांनी त्याला विचारलं, "मध्ये कुठे थांबलात?" तो म्हणाला, नाही. तो परत गेला. ऑफिसातल्या मॅडमनी कपाळाला हात लावला.

"ह्यांचा विभाग ह्यांनीच बुडवला," त्या मला फोनवर म्हणाल्या. आणि मग ह्याच मॅडम, ज्या माझ्याकडे गुन्हेगाराकडे बघावं तसं बघत होत्या, त्यांनी पदर खोचला. आमच्या कॉलेजात अशी रीत आहे. एखादी तुकडी मोडायला आली की शेवटच्या दिवसांत घरची माणसं नाव घालतात. क्लार्कची बायको, ग्रंथपालाची वहिनी, कुणाकुणाच्या नणंदा. बसायचं कुणी नसतं, पण तुकडी तगते. मॅडमनी स्वतःचं नाव घातलं. कॅन्टीनवाल्या वहिनींचं घातलं, प्रयोगशाळेतल्या दोघांचं, रात्रपाळीच्या वॉचमनचं. गणूकाका मुक्त विद्यापीठातून बीए झाले होते, हे तेव्हा कळलं. मला नाव घालता येत नव्हतं, मी त्याच विषयात एमए झाले होते. शेवटच्या दिवशी कशीबशी दहा नावं जमली.

आणि गंमत अशी की सरांच्या अटीत ही दहाही माणसं चपखल बसत होती. कुणाचा गॅप दहा वर्षांचा, कुणाचा वीस. वहिनींचा तर त्यांच्या थोरल्या मुलीच्या वयाएवढा. सगळ्यांनी कोर्टाबाहेर जाऊन प्रतिज्ञापत्रं करून आणली होती. सदर कालावधीत मी घरीच होते.

मी अर्धा दिवस रजा टाकून गेले. विभागाबाहेरच्या बाकावर रांगेने सगळे बसले होते. वहिनींच्या हाताला पिठाचा वास होता, वॉचमनचे डोळे जागरणाने लाल. गणूकाकांनी ठेवणीतला पांढरा सदरा घातला होता आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते. सर त्यांना विचारणार, काय केलंत एवढी वर्षं, आणि ही माणसं काय सांगणार? आणि सरांना कळल्यावर सर काय करणार? ज्याने चांगल्या चांगल्या मुलांना परत पाठवलं, तो हे नाटक चालवून घेईल?

सरांनी एकेकाला आत घेतलं. दार उघडंच होतं, मला सगळं दिसत होतं. मॅडम बसल्या. सरांनी कागद घेतला, प्रतिज्ञापत्राकडे पाहिलंसुद्धा नाही, सही केली. "तास अकराला असतो," म्हणाले. वहिनी. सही. "तास अकराला." वॉचमन. सही. एकालाही त्यांनी काही विचारलं नाही. खाली मान घालून नुसत्या सह्या करत गेले.

शेवटी गणूकाका. सरांनी पेन टेकवलं तसे काका म्हणाले, "सर, विचारा की."

"काय?"

"ता तुमचा. इतकी वर्सं काय केलंव म्हणून. मी तयारी करून आलोय."

सरांनी पेन उचललं. क्षणभर मला वाटलं, विचारतील. त्यांचे ओठ हललेसुद्धा. मग ते म्हणाले, "नको गणूकाका," आणि सही केली.

काका बाहेर आले ते हिरमुसून. मी हळूच विचारलं, "काय सांगणार होतात?"

"सरांनी विचारलान नाय, तर तुला कशाला सांगू?" असं म्हणून ते घंटेकडे गेले.

मला सरांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर ज्याचा बडेजाव केला, तो प्रश्न ऐन वेळी गिळला! बसस्टँडपर्यंत मी रागाने चालत गेले. मग तिथे बाकड्यावर बसल्यावर कळलं की सर ते नाटक ओळखून होते. प्रश्न विचारला असता तर ह्या माणसांनी काहीतरी ठोकून दिलं असतं आणि मग सरांना एकालाही घेता आलं नसतं. त्यांना ती खोली हवी होती. एकटं राहायची त्यांना भीती वाटत होती, आणि त्या भीतीपुढे त्यांनी आपला एकुलता एक प्रश्न सोडला. मला फार वाईट वाटलं. सरांबद्दल वाईट त्याआधी मला कधी वाटलं नव्हतं, ते मला विचित्रच वाटायचे.

विभाग त्यानंतर दोन वर्षं तगला आणि मग बंद झालाच. सर निवृत्त होऊन केळशीला गेले. आई अजून रविवारी त्यांना फोन करते. पण मला सांगायचं आहे ते त्या वर्षीच्या पहिल्या तासाचं.

वर्ग सुरू झाले त्या सोमवारी मी कंपनीत खोटं सांगून निघाले. गणूकाकांनी अकराची घंटा दिली आणि प्राचार्यांचा चहा घेऊन लगबगीने दुसरीकडे गेले. मॅडमच्या खिडकीसमोर दाखल्यांची रांग लागली होती, वहिनींच्या कॅन्टीनमध्ये पहिल्या दिवसाची झुंबड. मी दुसऱ्या मजल्यावर गेले. सर आले होते. त्यांनी कुठून तरी आणखी बाक आणून ठेवले होते, दहा जण बसतील एवढे. फळ्यावर विषय लिहिला होता. हजेरी उघडून ते पूर्ण नावं वाचत होते, प्रत्येक नावानंतर जरा थांबून.

मी दारात उभी राहिले. "सर, येऊ?"

त्यांनी वर पाहिलं. मी आले याचा त्यांना आनंद झाला, ते लपलं नाही. पण मग ते उठले, दारापाशी आले आणि अगदी हळू म्हणाले, "तुम्हाला नाही बसता येणार. तुम्ही पास झालात."

"नुसतं ऐकते सर."

"वर्गात प्रवेश असलेल्यांनीच बसायचं." ते बाकांकडे बघत म्हणाले, "येतील ते. पहिला दिवस आहे, उशीर होतो."

मला भांडता आलं असतं. तोंड माझं आहेच. पण मी आत जाऊन बसले असते तर त्या दहा जागांवर कुणी येणार नाही हे त्यांना माझ्यादेखत कबूल करावं लागलं असतं. मी "बरं सर" म्हटलं आणि मागे सरले. त्यांनी दार लावून घेतलं.

मी काही घरी गेले नाही. व्हरांड्यात, खिडकीखाली जमिनीवर भिंतीला टेकून बसले. आत हजेरी संपली. मग सरांची चप्पल वाजली, ते खिडकीपाशी आले, माझ्या डोक्यावरची दोन्ही दारं त्यांनी उघडून पूर्ण बाहेर लोटली.

"समजा," सर म्हणाले, आणि तासभर शिकवत राहिले. इतक्या लहान खोलीत त्यांना इतक्या मोठ्याने बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.